चांदीच्या तारेनं शिवलेली चार पानं

माझा आवाज मोठा हाय, हे मला कुणी सांगायची गरज न्हाय. बावीस वर्सं झाली, हुपरी-कोल्हापूर बसवर कंडक्टर हाय मी. "पुढं सरका की, मागं काय लगीन लागलंय व्हय?" असं दिवसातनं शंभरदा ओरडायचं, मग घशाचं काय राहतंय? माझी आई बनाबाई म्हणती, हिचं नाव पूर्णिमा ठेवून चुकलं, तोफ ठेवायला पायजे होतं. म्हणू दे. पण ह्या तोफेला गप करणारी एक बाई हुपरीत हाय. ती ओरडत न्हाय, दटावत न्हाय. नुसता हात वर करती, आणि मी आपली गप.

ती म्हणजे निर्मला आक्का.

आक्का आमच्याच गल्लीतली. वय पंच्याहत्तर. घराच्या पुढच्या सोप्यात पैंजणाचा कारखाना. कारखाना म्हटलं म्हणून लगेच धुराडं डोळ्यांपुढं आणू नका. सात-आठ बायका मांडी घालून बसलेल्या, प्रत्येकीच्या पुढ्यात चिमटा, कातर आणि चांदीच्या कड्या. कडीत कडी अडकवायची, डाख लावून सांधा पक्का करायचा, शेवटाला घुंगरं जोडायची. झाला कारखाना. माझ्या आईची उभी हयात त्या सोप्यात गेली आणि माझं लहानपणही तिथंच गेलं.

आक्काचं माहेर संकेश्वराकडचं. एकोणिसाव्या वर्सी लगीन होऊन हुपरीत आली, तवा तिला मराठी यायचं ते दोन शब्द, "व्हय" आणि "न्हाय". बाकी सगळं कानडी. तिचा नवरा नागाप्पा काका, साधा भोळा माणूस, स्वतःच दिवसाला दहा शब्द बोलणार. पण बायको मुक्यावानी बसती हे त्याला बघवंना. एकदा कामासाठी कोल्हापूरला गेलता, येताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातनं सहा पुस्तकं सुतळीनं बांधून घेऊन आला, सातवं तिथं न्हवतं. 'ढगतळ्याच्या गोष्टी'. कुणा एका मास्तरानं बारक्या पोरांसाठी लिहिलेल्या. आक्काच्या मांडीवर गठ्ठा ठेवला आणि म्हणला, "पोरांची हैत. सोपी असतील. शीक."

आणि आक्का शिकली की! दुपारचा चहा झाला की अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची. चुकली की कडी जोडता जोडता बायका हसायच्या आणि सुधारायच्या. ज्यांना स्वतःला सही करता येत नव्हती त्या बायका आक्काला "असं न्हवं, तसं" म्हणून सांगायच्या. दोन वर्सांत आक्का असं वाचायला लागली की हसणाऱ्या बायका चिमटा हातात धरून तशाच बसून राहायला लागल्या. सगळी पुस्तकं संपली की परत पहिलं. चाळीस-पन्नास वर्सं हेच. गल्लीतली पोरं शाळा सुटली की दप्तर घरी न टाकता थेट आक्काच्या सोप्यात.

आता ती गोष्ट काय, ते थोडक्यात सांगते, न्हायतर तुमाला पुढचं कळायचं न्हाय. तानू नावाची पोरगी हाय. तिच्या पायात पैंजण. डोंगरावर गेलं की ढग पायाखाली येतात, आणि त्या ढगांचं एक तळं हाय. त्या तळ्यात एक पांढरी म्हैस डुंबत असती, तिचं नाव भुरी. भुरीच्या गळ्यात फुटकी घंटी, तिचा आवाज घोगरा. तानू भुरीच्या पाठीवर बसून सातीच्या साती पुस्तकं हिंडती. बिनसावलीचं गाव, पाऊस चोरून मडक्यात ठेवणारी म्हातारी, काय विचारू नका! आमच्या गल्लीत म्हशी कमी न्हवत्या, पण धार काढायला गेलेलं पोरगं आधी म्हशीच्या कानात विचारायचं, "भुरी तुझी कोण लागती?"

मी सात वर्सांची होते तवा माझा बा गेला. बसस्टँडच्या मागं त्याचं सायकलीचं दुकान होतं. एका दुपारी चाकाला आरे बसवता बसवता तिथंच आडवा झाला, उठलाच न्हाय. आईनं दुकान मोडलं. मी एक पत्र्याची डबी तेवढी पोलक्यात लपवून आणली. तिच्यात छर्रे होते, सायकलीच्या चाकात असतात न्हवं, त्या बारक्या लोखंडी गोळ्या. बा मला त्या खेळायला द्यायचा. ती डबी अजून माझ्या कपाटात हाय.

त्यानंतर महिनाभरानं आक्काच्या सोप्यात सातवं पुस्तक संपत आलं. ते काकाला त्याच वर्सी कुठंतरी घावलेलं, म्हणून सोप्यात सगळ्यांनाच ते पहिल्यांदा. भुरी तानूला काळ्या वादळातनं पाठीवर घेऊन पोहत निघालेली. दमलेली. आक्का वाचता वाचता थांबली. माझ्याकडं बघितलं. "पाणी प्यायला पायजे," म्हणली, तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्याली. मग पुस्तक जरा छातीजवळ धरून पुढं सांगितलं: "भुरी तळ्याच्या पल्याड गेली. तिथं गुडघ्याएवढं गवत. तानूला म्हणली, तू घरी जा, मी हितंच चरते. आणि ती अजून तिथं चरती."

मी विचारलं, "अजून?"

"अजून," आक्का म्हणली.

त्या दिवशी मी महिन्यानं पहिल्यांदा पोटभर जेवले, असं आई सांगती. त्या सातव्या पुस्तकाची शेवटची चार पानं चांदीच्या बारीक तारेनं शिवलेली होती. आमी पोरांनी विचारलं, तर आक्का म्हणली, "ते कुलूप हाय. ढग बाहेर येऊ नयेत म्हणून." आमी मानलं. न मानायला काय झालं? आक्का म्हणली म्हणजे म्हणली.

आणि ह्या भुरीपायी मी कुणाकुणाशी भांडले न्हाय! शाळेत बदली होऊन आलेली एक पोरगी म्हणली, भुरी शेवटी मरती. तिची वेणी अशी ओढली की हेडबाईंनी मला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं. पाच-सहा वर्सांमागं बसमध्ये एक चष्मेवाला पावणा शेजारच्याला सांगत होता, लहानपणी भुरी मेली तवा मी लई रडलो. मी तिकीट फाडता फाडता म्हटलं, "ओ पावणं, पुस्तक नीट वाचत चला. भुरीला काय झालेलं न्हाय." त्यानं काय उलटं बोलायच्या आत मी पुढं गेलते. आता आठवलं की मान खाली जाती.

तर गेल्या वर्सी गल्लीत एक गाडी आली. आतनं उतरला विजयसिंह. कोल्हापूरचाच, सिनेमे काढतो. 'ढगतळ्याच्या गोष्टीं'चा सिनेमा काढणार म्हणला. तानूच्या पायातलं पैंजण हुपरीचं हातकामाचंच पायजे, मशीनचं नको, म्हणून घर विचारत विचारत आलेला. त्याच्याबरोबर कपडे-दागिने सांभाळणारी सुष्मिता नावाची पोरगी.

आक्कानं चहा ठेवायच्या आधी त्याची परीक्षाच घेतली.

"पाऊस चोरणाऱ्या म्हातारीच्या घराला दारं किती?"

विजयसिंह म्हणला, "दारच न्हाय, आक्का. वाफ होऊन आत जावं लागतंय."

"हं. बस. साखर किती घालू?"

मग आक्कानं विचारलं, "सात पुस्तकं एका सिनेमात कशी रं बसवणार तू?"

"बसत न्हाईत," त्यो म्हणला. "काय काय सोडावं लागतंय. बिनसावलीचं गाव सोडलं."

झालं! बायकांनी चिमटे खाली ठेवले. शालूबाई म्हणजे आमच्या सोप्यातली सगळ्यात जुनी कारागीर, ती म्हणली, "मग काय दाखवणार, नुसतं गवत?" मी तर उभीच राहिले. आक्कानं हात वर केला. त्याला म्हणली, "सोडायचं तर सोड बाबा. सोडावं लागतंय कधी कधी. पण नीट सोड, जोड दिसू नये." हे बोलताना तिनं माझ्याकडं का बघितलं, ते मला तवा कळलं न्हाय.

सुष्मितानं ऑर्डर कागदावर लिहून दिली. बाकी सगळी घुंगरं गोड, आणि डाव्या पायातलं एक घुंगरू घोगरं. कागद आक्कानं भिंतीवर खिळ्याला अडकवला.

आता आक्काचं काय हाय, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा अंधूक. दोन वर्सं चिमटा हातात घेतला न्हवता. पण त्या दिवशी पेटी उघडली आणि आमा सगळ्यांच्या देखत म्हणली, "हे शेवटचं. ज्या तानूनं मला बोलायला शिकवलं, तिच्या पायात माझं पैंजण पडद्यावर दिसू दे. मग चिमटा कायमचा ठेवला." अकरा दिवस बसली. आमी कुणी मदतीला हात लावला तर हातावर चापट.

आणि तिचा कान! आक्काची जुनी रीत हाय, पैंजण झालं की डोळे मिटून कानाशी हलवायचं. एक घुंगरू जरी बाकीच्यांहून येगळं बोललं तर काढून टाकायचं, दुसरं लावायचं. तिच्या घरातनं बेसूर पैंजण आजवर बाहेर पडलेलं न्हाय. भिंतीवरचा कागद आईनं वाचून दाखवला, "आक्के, एक घोगरं पायजे म्हणालेत." आक्का हसली. "नवखी पोरं हैत. घोगरी भुरीची घंटी. तानूचं पैंजण गोड असतंय. मला सांगणार व्हय, मी चाळीसदा वाचलंय." आणि सगळी घुंगरं अशी जुळवली की पैंजण हलवलं की एकच सूर.

पैंजण गेलं. आठ दिवसांनी परत आलं.

डबीत चिठ्ठी होती. काम फार देखणं हाय, पण सगळी घुंगरं सारखीच वाजतात. सोमवारी पैंजणाच्या प्रसंगाचं शूटिंग हाय. जमत नसेल तर तसं कळवा, मुंबईहून तयार पैंजण मागवतो.

आक्कानं चिठ्ठी माझ्याकडनं दोनदा वाचून घेतली. चहा पुढ्यात निवला, साय धरली, तरी हात लावला न्हाय. तयार पैंजण! तानूच्या पायात मशीनचं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, "उद्या माझी सुट्टी हाय. चला सगळ्या. बघतेच त्या विजयसिंहाला."

आक्का नको म्हणली. मी ऐकलं न्हाय. ती सात पुस्तकं पण पिशवीत घातली, पुरावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आमी निघालो. आक्का, आई, शालूबाई आणि मी. रंकाळ्याच्या पलीकडं एका जुन्या गोदामात त्यांचा सेट होता. आत गेलो आणि माझं भांडण तोंडातच राहिलं. कापसाचे ढग ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत. आणि मधोमध भुरी. थर्माकोलची का रबराची, देव जाणे, पण पांढरी, ओल्या नाकाची, आणि पापण्या हलत होत्या! शालूबाईनं तर पदर पुढं करून हात जोडले. आईनं हळूच भुरीच्या मानेवर हात ठेवला. मला वाटलं, इथंच बसावं आणि परत सात वर्सांची व्हावं. पण मी भांडायला आले होते.

"ओ साहेब!" मी सुरू केलं. "आक्काच्या हातचं पैंजण परत पाठवता? एकसारखं वाजतंय ही काय तक्रार झाली? हुपरीत येऊन असं म्हणून दाखवा! तानूचं पैंजण घोगरं कुठल्या पुस्तकात वाचलंत तुमी?"

विजयसिंह शांतपणे म्हणला, "ताई, शेवटचं प्रकरण वाचलंय न्हवं तुमी?"

"वाचलंय? पाठ हाय!" आणि मी तिथंच, कापसाच्या ढगात उभी राहून, घडाघडा म्हणून दाखवलं. गुडघ्याएवढं गवत, तू घरी जा, मी हितंच चरते, ती अजून तिथं चरती.

सगळे कामगार ऐकत उभे. सुष्मिता विजयसिंहाकडं बघायला लागली. त्यो म्हणला, "छान हाय हो. पण हे ह्या पुस्तकात न्हाय."

त्यानं नवीन छापलेलं सातवं पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. मी वाचलं. 'भुरीनं डोळे मिटले.' मी पुस्तक मिटून वरचं नाव बघितलं. परत उघडलं. तेच.

मग मला खरा राग आला. "बदललंत तुमी! नवं छापताना बदललंत! मेलेल्या मास्तराच्या गोष्टीत ढवळाढवळ करता? आमच्याकडं जुनी प्रत हाय, साठ वर्सांची. आक्के, काढ ते पुस्तक! दाव ह्यांना!"

आक्का हलली न्हाय.

"काढ की, आक्के! कुलूप काढ आणि दाव!"

आक्कानं हात वर केला. मग ती खुर्चीवर बसली आणि म्हणली, "पुन्ने, पाणी दे."

त्या क्षणाला मला कळलं. पाणी हातात देईपर्यंत सगळं कळलं.

"त्यो खरं बोलतोय," आक्का म्हणली. "मरती भुरी. मी दुपारीच पुढचं वाचून बघितलेलं, रोज तसंच करायची, अडखळू नये म्हणून. 'डोळे मिटले' एवढं वाचलं आणि पुस्तक मिटलं. संध्याकाळी तू माझ्या पुढ्यात येऊन बसलीस. बा जाऊन तुझा महिना झालेला. तुला कशी सांगू, भुरी पण गेली म्हणून? पाणी प्याले, आणि सुचलं ते सांगितलं. रातोरात पानं शिवून टाकली. मग दर वर्सी तेच सांगत गेले."

"बेचाळीस वर्सं?" मी ओरडले. "बेचाळीस वर्सं खोटं सांगितलंस मला? बसमधल्या पावण्याला मी काय काय बोलले! त्या पोरीची वेणी..." मी बाहेर जाऊन पायरीवर बसले.

आई मागं आली. "मला म्हायत होतं," ती म्हणली. "दुपारी आक्का माडीवर बसून रडत होती, तवाच विचारलं मी. पुन्ने, रोज जेवायला बसलं की तू बा कवा येणार विचारायचीस. त्या दिवसापासनं विचारायची बंद झालीस. सगळ्यांना सांगत फिरलीस, माझा बा भुरीसंगं पल्याड हाय." एवढं बोलून तिनं माझ्या डोक्यात टपली मारली. "आता ऊठ. आत ती म्हातारी घाबरून बसलीय. तू तोफ असलीस म्हणून काय तिच्यावर डागणार व्हय?"

हे मी पार विसरलेले. बा भुरीसंगं पल्याड हाय. खरंच म्हणायचे मी तसं.

आत गेले. आक्का माझ्याकडं असं बघत होती की मीच शिक्षा देणारी आणि ती पोरगी. मी तिच्याजवळ खाली बसले आणि म्हटलं, "आक्के, लई ग्वाड खोटं बोललीस गं तू." आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. शालूबाई तर आधीपासनंच नाक पुसत होती.

विजयसिंह खुर्ची ओढून आक्कापुढं बसला. मग विचारलं, "आक्का, त्या ओळीच्या पुढं तुमी कधीच वाचलं न्हाई?"

"न्हाय रं बाबा. मेल्यावर पुढं काय वाचायचं?"

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, म्हणूनच तुमाला घोगरं घुंगरू कशाला ते कळलं न्हाई! पुढंच तर हाय ते सगळं. वाचा की."

पिशवीतनं जुनं पुस्तक काढलं. सुष्मिता कातर घेऊन धावली तर आक्का म्हणली, "थांब गं, चांदी हाय ती, तुकडे करू नको." आणि खुर्चीत बसल्या बसल्या, सुष्मिताकडच्या चिमट्यानं, टाका टाका सोडवत ती तार काढली. गुंडाळून माझ्या तळहातावर ठेवली. पानं पिवळी पडलेली, भोकं पडलेली. "तूच वाच," म्हणली. "माझा डोळा पोचत न्हाय."

बावीस वर्सं बसमध्ये ओरडलेली मी, आक्कावानी अक्षरावर बोट ठेवलं. आणि वाचलं.

'भुरीनं डोळे मिटले. गळ्यातली घंटी एकदा वाजली आणि थांबली. तानू तिच्या मानेला बिलगून बसून राहिली. मग ती उठली, कारण घरी आई वाट पाहत होती. तिनं एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तेव्हा डाव्या पायातलं एक घुंगरू घोगरं वाजलं. तानू थांबली, तेही थांबलं. ती चालू लागली, तेही चालू लागलं. "तू होय!" तानू म्हणाली, आणि हसत हसत डोंगर उतरू लागली.'

आक्कानं पुस्तक ओढून ते पान डोळ्यांजवळ धरलं. मग एकदम स्वतःच्या कपाळावर थाप मारून हसायला लागली. दात नसलेलं तोंड उघडून, खांदे हलवत, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली.

"यव्वा! एवढंच होतं व्हय पुढं? एक पान उलटायचं होतं! मास्तर माझ्याहून शहाणा निघाला की गं!" मग विजयसिंहाकडं वळली. "पैंजण नीट करून देते. सोमवार म्हणालास न्हवं? अजून तीन दिवस हैत."

आता वाटतं सोपं, पण आयुष्यभर घुंगरं गोड करणाऱ्या बाईला एक घुंगरू घोगरं करायला सांगून बघा! घुंगरात बारका दाणा असतो, तो हलला की वाजतं. आक्कानं तांब्याचा दाणा घालून बघितला, गोडच. वाळूचा खडा घातला, मुकंच झालं. मोहरी घातली, काचेचा मणी घातला. शनिवारी संध्याकाळी ती चिमटा टाकून म्हणली, "साकु, बास झालं. माझ्या हाताला वाईट वाजवायला येतच न्हाय."

मी ड्युटीवरनं नुकतीच आलेली. काय डोक्यात आलं, घरी पळत गेले आणि ती पत्र्याची डबी घेऊन आले.

"ह्यातला घाल."

आक्कानं डबी उघडली. छर्रे बघितले. कुणाचे ते तिला सांगायला लागलं न्हाय. पण तिच्या घरची रीत अशी, की घुंगरात लोखंड घालायचं न्हाय. चांदीत लोखंड म्हणजे खोट. ह्या कारणावरनं तिनं एकदा एका कारागिराला दारातनं परत पाठवलेलं. ती छर्रा चिमट्यात धरून लई वेळ बसली. मग त्यातला सगळ्यात बारका निवडला, घुंगरात घातला, तोंड मिटवलं, डाख लावला. आणि पानं शिवलेली ती जुनी तार माझ्याकडनं मागून घेतली, त्याच तारेनं ते घुंगरू पैंजणाला बांधलं.

डोळे मिटले. कानाशी हलवलं. गोड, गोड, गोड, आणि मधीच एक खरखरीत, दमलेला आवाज.

"भुरी," आक्का म्हणली. मग लगेच डोळे उघडून, "विजयसिंहाला सांग हां, आत लोखंड हाय म्हणून. उगं कुणी म्हणाय नको, आक्कानं खोट घातली."

ह्या मेच्या सुट्टीत सिनेमा लागला. पहिल्याच दिवशी अख्खी गल्ली कोल्हापूरला. माझ्याच बसमध्ये एवढी गर्दी की मला शेवटी ओरडावं लागलं, आणि त्या दिवशी कुणी वाईट वाटून घेतलं न्हाय. थेटरात आक्का मधी, ह्या बाजूला मी, त्या बाजूला आई. आक्कानं घरनं पाण्याचा तांब्या आणलेला, झाकण लावून. दारावरचा माणूस आत नेऊ देत नव्हता. मी त्याच्याशी दोन मिनिटं बोलले, मग नेऊ दिला.

पडद्यावर तानू आली. तिच्या पायावर कॅमेरा आला आणि शालूबाई मागनं ओरडली, "आक्के, बघ! तुझं पैंजण!" अख्ख्या थेटरनं मागं वळून बघितलं. आक्का नव्या नवरीवानी लाजली.

मग काळं वादळ आलं. भुरी पोहत पोहत काठाला लागली आणि खाली बसली. तिनं डोळे मिटले. आमच्या पुढच्या खुर्चीत एक चार-पाच वर्सांची पोरगी होती, ती हुंदके द्यायला लागली. "मम्मी, म्हैस मेली." मला राहवंना. मी पुढं वाकले, तिला सांगायला, की न्हाय गं, पल्याड गवत हाय, ती अजून चरती. तोंड उघडलंच होतं.

आक्कानं हात वर केला.

"थांब," ती हळूच म्हणली. "पान उलटू दे."

तानू उठली. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणि थेटरच्या चारी भिंतींतनं तो आवाज आला. खरखरीत, दमलेला. तानू थांबली, तो थांबला. ती चालली, तो चालला. पुढची पोरगी रडता रडता गप झाली, आणि मग टाळ्या वाजवत ओरडली, "मम्मी, आली! ती आली!"

आणि मी, बावीस वर्सं कंडक्टरकी केलेली बाई, थेटरभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं रडायला लागले. मागनं कुणीतरी म्हणलं, "ओ बाई, गप बसा की." मी काय गप बसते! आक्कानं झाकण काढलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"पाणी पी, पुन्ने."

मी प्याले. पडद्यावर तानू हसत हसत डोंगर उतरत होती, आणि माझा बा तिच्या पायाशी वाजत वाजत घरी चालला होता.